शेवटच्या प्रकरणाचा सराव

घरातून निघता निघता तिने सासूबाईंना पुन्हा एकदा सांगितलं, की छकुलीला झोपवलं की पलंगाच्या दोन्ही कडांना लोड लावायचे, आणि तिसरा पायांकडे.

"लावते हो. हवं तर चौथा माझ्या डोक्याखाली घेते आणि तिथेच आडवी होते," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय. एकदा पडला होता पलंगावरून, नाही असं नाही. पण तुला पसंत पडण्याइतका शाबूत राहिला ना?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला, आई."

"तसंच होतं. जा तू. आज ते बुडायचं नाटक आहे ना तुमचं?"

नाटकच म्हणायचं तर म्हणता आलं असतं. ती एका क्लिअरिंग हाउसमध्ये कामाला होती. या हाउसचं काम सांगायला सोपं आणि करायला अवघड. बाजारात दिवसभर सौदे होतात. विकणाऱ्याला घेणारा कोण ते ठाऊक नसतं, घेणाऱ्याला विकणाऱ्याचं तोंडही दिसत नाही. क्लिअरिंग हाउस दोघांच्या मध्ये उभं राहतं. विकणाऱ्याला म्हणतं, मी घेतलं. घेणाऱ्याला म्हणतं, मी दिलं. उद्या दोघांपैकी एकाने हात वर केले तरी दुसऱ्याचं अडत नाही, कारण मधल्याने शब्द दिलेला असतो. या शब्दापायी मधल्याला रोज एकच प्रश्न पडलेला असतो, की हात वर कोण करणार आणि कधी.

हा प्रश्न स्वतःला पाडून घेण्यासाठी पगार देऊन माणसं ठेवलेली असतात, आणि ती त्यांतली एक होती. स्वभावच तसा. लहानपणापासून कुलूप लावलं की ओढून बघायचं, चार पावलं गेलं की परत येऊन ओढायचं. आधी माहेरचे हसायचे, मग सासरचे हसायला लागले. त्याच स्वभावाचा पगार घरात यायला लागल्यावर मात्र दोन्हीकडचे गप्प बसले.

हाउसची एक जाडजूड योजना होती. हाउसमार्फत सौदे करणारी एखादी सभासद कंपनी बुडाली तर काय करायचं, हे त्यात पायरीपायरीने लिहिलं होतं. आधी त्या कंपनीने ठेवलेली अनामत वापरायची. ती पुरली नाही तर हाउसने स्वतःच्या खिशात हात घालायचा. तेही संपलं तर सगळ्या सभासदांनी मिळून ठेवलेला सामाईक निधी फोडायचा. मधल्या काळात बुडालेल्या कंपनीचे सौदे लिलाव करून इतरांच्या गळ्यात घालायचे. इथवर सगळ्यांना सगळं पाठ होतं. शेवटचं प्रकरण मात्र कुणी उघडत नसे. त्याचा विषय होता, एवढं सगळं करूनही पुरलं नाही, आणि हाउसच बुडायला आलं, तर. घरात मृत्युपत्राचा विषय निघाला की जसं एकेक जण काहीतरी काम काढून उठतो, तसे या प्रकरणाच्या बैठकीतून लोक उठायचे.

ते प्रकरण शेवटी तिनेच लिहिलं होतं. नववा महिना लागला होता, पाय सुजले होते. कागदाची टोपली पालथी घालून त्यावर पाय ठेवून तिने ते एका बैठकीत पुरं केलं आणि रजेवर गेली.

तिच्या जागी हिशेब खात्यातून एकाला उसनवारीवर आणलं. तिथल्या तिथे त्याचं नाव उसनेराव पडलं आणि असं चिकटलं, की कँटीनवालाही "उसनेराव, चहा" अशीच हाक मारायचा. माणूस हसतमुख. आलं नाही तर सरळ विचारायचा, कमीपणा मानायचा नाही, त्यामुळे लोकांना आवडायचा. ती रजेवरून परतली तेव्हा तिची खुर्ची त्याने स्वतःच्या उंचीला उचलून ठेवली होती. बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकेनात. मूठ फिरवून खुर्ची खाली घेणं दोन क्षणांचं काम होतं, पण ते करताना तिला उगाचच चोरट्यासारखं वाटलं.

मॅडमनी, म्हणजे या खात्याच्या प्रमुखांनी, आडपडदा ठेवला नव्हता. "योजनेच्या कामाला एकच जागा मंजूर आहे. तू चांगली आहेस, तोही वाईट नाही. या वर्षीचा बुडण्याचा सराव होऊ दे, मग ठरवते. ज्याला जागा नाही मिळणार तो हिशेब खात्यात."

हिशेब खातं म्हणजे काही काळं पाणी नव्हतं. पगार तोच, वेळेवर घरी. नवरा तर म्हणालाही, "बरं होईल की. डोक्याचा ताप जाईल." त्याला कसं समजवायचं? इतरांच्या लेखी जो तिचा वेडेपणा होता, त्याला जगात किंमत असलेली ही एकच खुर्ची होती. ती गेली तरी काळजी काही जाणार नव्हती. फक्त त्या काळजीला काम उरणार नव्हतं, आणि मग ती सगळीच्या सगळी घरी येऊन छकुलीच्या उशापायथ्याला बसली असती.

सराव मोठ्या बैठकीच्या खोलीत होता. नियामक कार्यालयाचे निरीक्षक बघायला आले होते. बारीक अंगाचे, मऊ आवाजाचे गृहस्थ. खुर्चीत असे बसले होते, की जणू डॉक्टरकडे नंबर लावून आलेत. लिलावाला मदत म्हणून इतर सभासद कंपन्यांमधून तीन ट्रेडर बोलावले होते. खऱ्या संकटातही असेच बोलवायचे असतात, कारण सौद्याचा भाव ठरवणं त्यांनाच जमतं. पण त्यांनी इथलं काही आपल्या कंपनीला कळवू नये म्हणून खोलीत शिरताना सगळ्यांचे फोन दारातल्या पेटीत टाकून घेतात.

"पेटीला कुलूप आहे ना?" एका ट्रेडरने विचारलं. "नाही, तुमचं हाउस बुडालं तर माझा फोन कुणाच्या वाट्याला जायचा!"

"तुमच्याच," मॅडम म्हणाल्या. "तो कुणी घेणार नाही लिलावात."

पेटीत फोन टाकण्याआधी तिने घरी लावलाच. "झोपली का?"

"तू फोन ठेवलास की झोपेल," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनीच ठेवला.

सराव सुरळीत सुरू झाला. एक काल्पनिक सभासद कंपनी बुडाली. तिची अनामत गेली, हाउसचा वाटा गेला. उसनेराव फळ्यावर आकडे मांडत होता, ती पुढची पायरी सांगत होती. ट्रेडर एकमेकांना टोमणे मारत सौद्यांचे गठ्ठे बांधत होते. लिलाव झाला. जवळपास सगळे गठ्ठे गेले. लांब मुदतीच्या सौद्यांचा एक मात्र राहिला. कुणी त्याला हात लावेना. कागदावरचा सामाईक निधीही संपला.

आता शेवटचं प्रकरण. ती खुर्चीत पुढे सरकून बसली. इथवरचं कुणीही करू शकलं असतं. इथून पुढचं तिचं होतं.

तेवढ्यात निरीक्षकांनी बॅगेतून एक पाकीट काढलं आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. आत एका ओळीची चिठ्ठी होती. 'तुमच्या मुलाला ताप आला आहे. तुम्हाला आत्ता निघावं लागेल.'

खोटं आहे हे ती चिठ्ठी वाचतानाच जाणत होती. तरी तिने ती उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

"मला मूल आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," निरीक्षक म्हणाले. "माझ्याकडे तीन पाकिटं असतात. एकात मूल, एकात आई, एकात जिन्यावरून पाय घसरतो. खोलीत सगळे ज्याच्या तोंडाकडे बघायला लागतात, त्याला त्यातलं एक देतो. बाहेर बसा. आता तुम्ही इथे नाही."

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नुसते खांदे उडवले.

बाहेर बोळात एक बाक होता. शेजारी पाण्याचं मशीन, कुंडीत एक प्लॅस्टिकचं झाड. त्यालाही कुणीतरी पाणी घालत असावं, कारण बुडाशी ओल होती. ती बाकावर बसली. फोन पेटीत, पेटी आत. घरचं काही कळायची सोय नाही आणि आतलंही नाही. छकुली झाल्यापासून ती अशी दोन्हीकडून तुटून कधी बसली नव्हती. हातांचं काय करायचं तेही सुचेना. तिने ते मांडीवर ठेवले.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि उसनेराव रिकामी बाटली घेऊन आला. मशीनखाली बाटली लावून तिच्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाला, "ताई, एकच विचारतो."

"विचारू नका."

"ऐका तरी. दोन वाटा दिल्यात तुम्ही. पहिली, आज ज्या सभासदांना नफा झालाय त्या सगळ्यांच्या नफ्यातून थोडी थोडी कपात करायची. दुसरी, तो न विकलेला गठ्ठा मोडून टाकायचा, म्हणजे मोजक्याच लोकांचे सौदे रद्द होतील आणि त्यांना सगळा फटका बसेल. बरोबर? आणि पुढे लिहिलंय, परिस्थिती पाहून योग्य ती वाट निवडावी. त्यावर आत चर्चा रंगलीय. परिस्थिती म्हणजे नेमकं पाहायचं काय?"

उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होतं. भाव अजून धावताहेत का, ते पाहायचं. धावत असतील तर कपातीने फक्त एक दिवस निभावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खड्डा. मग गठ्ठाच मोडायचा, आणि तोही लगेच. भाव थांबले असतील तर कपात पुरते. हे तिला इतकं उघड वाटलं होतं, की लिहायला हवं हेच सुचलं नव्हतं.

बाटली भरत होती. एका वाक्याचं काम. उसनेराव आत जाऊन ते आपलं म्हणून सांगेल, सराव पार पडेल, निरीक्षक मान डोलावतील. प्रकरण तिचं, म्हणून खुर्चीही तिची. उसनेराव कुठे बोलायचा नाही, तसला माणूसच नव्हता.

तिने तोंड उघडलं. आणि तिच्या डोळ्यांपुढे खरा ताप आला. तापलेलं कपाळ खांद्यावर, दवाखान्याचा बोळ, आतून नंबर पुकारतात तो ऐकायला लावलेले कान. त्या बोळात ती कुणाचा फोन घेणार होती? सगळा बाजार कोसळला असता तरी तिने पर्समध्ये हात घातला नसता.

"मी इथे नाहीये," ती म्हणाली.

"अहो, समोर बसलायत की."

"नाहीये. दवाखान्यात आहे."

उसनेरावने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "ताप किती आहे?"

तिला हसू आवरेना. "जा तुम्ही आत."

"जातो. गुण पडला की कळवा," असं म्हणून तो गेला. दार पुरतं लागलं नाही, बोटभर फट राहिली.

फटीतून शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण ऐकू येत होती. पानं उलटल्याचा आवाज. मग कुणीतरी टेबलावरचा फोन ओढला असावा. घंटी वाजली, थांबली, आणि त्या खोलीतून, मोठ्या स्पीकरवरून, सासूबाईंचा आवाज आला.

"हॅलो? कोण?"

ती बाकावरून कधी उठली ते तिला कळलं नाही. घरून फोन. इथे. याचा अर्थ एकच. तिचा हात दाराच्या मुठीवर गेला.

"नमस्कार," आत मॅडम बोलत होत्या. "आम्ही क्लिअरिंग हाउसमधून बोलतोय. त्या घरी आहेत का?"

"घरी? ती सकाळीच आलीय तुमच्याकडे! पोचली नाही का?"

"पोचल्यात, पोचल्यात. बाहेर बसल्यात."

"बाहेर का? काढलं तिला?"

"नाही हो, काढलं नाही. ते त्यांच्या मुलीला ताप आलाय ना, म्हणून..."

"ताप? कुणाला ताप? अहो, माझ्या मांडीवर गाढ झोपलीय ती! कुणी उठवली ही आवई?"

"तसं नाही, आजी. ताप खोटा आहे."

"खोट्या तापासाठी माणसाला बाहेर बसवता?" सासूबाईंचा आवाज चढला, आणि लगेच, पोर उठेल म्हणून, खाली आला. "आणि तिच्याशी बोलायचंय ना तुम्हाला? मग इथे फोन कशाला करता? दार उघडून हाक मारा की! एवढी शिकलीसवरलेली माणसं तुम्ही. आता पुन्हा करू नका, घंटी फार मोठी आहे आमची."

फोन बंद झाला. खोलीत जो हशा उसळला त्यात तिन्ही ट्रेडरचे वेगवेगळे आवाज ओळखू येत होते.

ती मूठ सोडून परत बाकावर येऊन बसली. मांडीवर गाढ झोपलीय, एवढं तिच्या मनाने आधी धरलं आणि घट्ट धरून ठेवलं. मग बाकीचं हळूहळू उजाडलं. तिच्या प्रकरणात कोणी काय करायचं याचं एक कोष्टक होतं, आणि त्यात एक रकाना होता, 'जबाबदार अधिकारी हजर नसल्यास कुणाला विचारावे'. नवव्या महिन्यात, पालथ्या टोपलीवर पाय ठेवून तिने त्या रकान्यासाठी एकेक नाव मनात घोळवलं होतं. याला घाईत सुचत नाही. तिला ऐन वेळी रडू येतं. तो फोन उचलत नाही. एकावरही भरवसा बसेना. शेवटी तिने तिथे स्वतःच्या घरचा नंबर घातला. आपण हजर नसलो तर आपल्यालाच विचारावे. आपण काय, घरीच असणार. कुठे जाणार?

तिने कपाळाला हात लावला. लाज वाटत होती आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदमच.

आत बराच वेळ खल चालला. मग मॅडमचा आवाज चढला, कुणीतरी "चालेल, मोडा" म्हणालं, आणि दार उघडून तिला आत बोलावलं.

"निर्णय झाला," निरीक्षक त्याच मऊ आवाजात म्हणाले. "गठ्ठा मोडायचा ठरला, आणि माझ्या मते ते बरोबर ठरलं. पण ते इथल्या माणसांनी ठरवलं, तुमच्या योजनेने नाही. आणि एवढ्या वेळात खरा बाजार उघडूनही गेला असता. शेवटचं प्रकरण नापास."

कुणी हसलं नाही. तिने मान हलवली. तिला वाटलं होतं त्याहून ते कमी टोचलं.

"मला एक सांगायचंय," उसनेराव म्हणाला. "मी मघाशी पाणी आणायला गेलो ते पाण्यासाठी नव्हतं. ताईंना उत्तर विचारलं."

"हे नियमात बसत नाही," निरीक्षक म्हणाले.

"माहीत आहे."

"मग? काय म्हणाल्या?"

"दवाखान्यात आहे म्हणाल्या."

निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि वहीत काही लिहिलं नाही.

सगळे गेल्यावर मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. बस म्हणाल्या नाहीत, पण ती बसली.

"दोघंही नापास तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "तो विचारायला धावला म्हणून, आणि तुझ्याकडे धावत यावं लागलं म्हणून."

"हो."

"मी तुझ्या जागी असते तर सांगून टाकलं असतं, खरं सांगते. आणि मग सगळे खूश होऊन घरी गेलो असतो, आणि खरोखर काही झालं असतं तेव्हा मी रात्रभर तुझ्या सासूबाईंशी बोलत बसले असते." त्या क्षणभर हसल्या आणि थांबल्या. "जागा तुझी. कुठे मोडेल ते तुला दिसतं, आणि मोडताना बघत बसायची छातीही आहे तुझी. हे आजच कळलं मला. पण शेवटचं प्रकरण तू लिहायचं नाहीस."

"म्हणजे? ते तर माझंच..."

"तुला सगळं माहीत आहे. ज्याला सगळं माहीत असतं त्याच्या हातून ते कागदावर उतरत नाही. उसनेराव लिहितील, हिशेब खात्यात परत जायच्या आधी. तू शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं. जमेल?"

जागा मिळाली होती. जे मागायला ती आली होती ते हातात पडलं होतं, आणि त्यातलं सगळ्यात आपलं वाटणारं काढून घेतलं होतं. जमेल की नाही याची तिला खात्री नव्हती. ती म्हणाली, "बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी उसनेराव आपली खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आला. तिने प्रकरणाची प्रत त्याच्यापुढे ठेवली, वर एक पेन्सिल ठेवली.

"वाचत चला," ती म्हणाली. "जिथे अडाल तिथे नुसती खूण करा. मी काही सांगणार नाही."

"एवढ्यातेवढ्याला खुणा करणार नाही हो मी. काहीतरी कळतंच माणसाला."

"करा. बिनधास्त करा."

त्याने पहिलं पान उघडलं, पहिली ओळ वाचली. परत वाचली. मग तिच्याकडे जरा दबकून बघत पेन्सिल उचलली आणि त्या पहिल्याच ओळीखाली एक लांबलचक रेघ ओढली.

ती बोलायला पुढे झाली. मग मागे टेकली, दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले, आणि हाताने त्याला दुसऱ्या ओळीकडे जायची खूण केली.